शेजारच्या देशाला जाऊन येऊ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'आपली लंकेची सहल' या विषयावर मी बोलावे असे मंडळाने ठरविले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठे भाषण मला साधायचे नाही. जे चौघांना विचारून घेतले, जे वाचले आणि जे स्वतः कार्यालयात जाऊन केले, तेवढेच सांगते.

२०२० सालच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण चौदाजणींनी या सहलीसाठी नावे दिली होती आणि भिशीही सुरू केली होती. मार्चच्या २३ तारखेपासून परदेशची विमाने बंद झाली. दोन दिवसांनी सारा देशच घरात बसला. नेहमीची विमाने पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ रोजी. इकडची वाट मोकळी झाली, तोच तिकडे लंकेवर संकट आले. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या सरकारने परदेशाचे कर्ज फेडणे थांबविले. पेट्रोल, गॅस, औषधे मिळेनाशी झाली आणि लोक रात्रंदिवस रांगेत उभे राहिले. जुलैमध्ये तर राष्ट्राध्यक्षच देश सोडून गेले. आपण पुन्हा थांबलो. भिशीचे पैसे ज्यांचे त्यांना परत दिले. ते कोणाच्या औषधाला लागले, कोणाच्या मुलाच्या फीला लागले.

त्या चौदा नावांपैकी दोघी आज आपल्यात नाहीत. त्यांची नावे घेत नाही. पण त्यांची आठवण आली की मनात येते, आपण किती गोष्टी 'पुढे बघू' म्हणून बांधून ठेवतो! मुलीचे लग्न होऊ दे, कापूस घरात येऊ दे, सासूबाईंचे डोळ्यांचे ऑपरेशन होऊ दे. ही कामे करायचीच आहेत, पण ती संपणारी नाहीत. त्यांच्यातूनच आठ दिवस काढावे लागतील. म्हणून माझे म्हणणे असे की, आता जायचे. आणि प्रत्येकीने आपल्या नावाने, आपल्या साठविलेल्या पैशाने जायचे.

आमच्या घरातील एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "समुंदरपार काय शे वं माय?" त्यांना मी जे सांगितले तेच येथे सांगते. लंका आपल्याला परकी नाही. आपण अजिंठ्याला किती वेळा गेलो! तिथल्या सतराव्या लेण्यात सिंहल राजा लंकेत उतरतो त्या कथेचे मोठे चित्र आहे, हत्ती आहेत, होड्या आहेत. ते पाचव्या शतकातले. त्याच शतकात लंकेत सिगिरिया नावाच्या प्रचंड खडकावर स्त्रियांची चित्रे काढली गेली, आणि पाहणारे त्यांची तुलना अजिंठ्याशीच करतात. आपल्या अंगणातली चित्रे आपण पाहिली. आता त्यांच्या बहिणी पाहू.

बाईमाणसाने समुद्र ओलांडावा का, असेही कोणी विचारतात. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा सव्वादोन हजार वर्षांपूर्वी बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेली. त्या फांदीचे झाड अनुराधपूरला आजही पुजले जाते. आणि आपली सीतामाई! नुवारा एलिया या थंड हवेच्या गावाजवळ सीता एलिया म्हणून ठिकाण आहे. तीच अशोकवाटिका असे तिथले लोक मानतात, आणि तिथे सीतेचे मंदिर आहे. सीतामाईला तिच्या मनाविरुद्ध नेले होते. आपण आपल्या मनाने जाऊ आणि तिच्यापुढे नारळ ठेवून येऊ.

वाटही फार दूरची नाही. पूर्वी मद्रासहून आगगाडीने धनुष्कोडी, तिथून बोटीने तलैमन्नार आणि पुढे पुन्हा गाडीने कोलंबो असा प्रवास लोक करीत. डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडी गाव वाहून गेले आणि ती वाट बंद पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूतील नागपट्टणमहून जाफन्याच्या बाजूला बोट सुरू झाली, पण ती हवामान पाहून चालते. आपण जळगावहून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून विमानाने कोलंबो असे जावे. विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात. तिथले घड्याळही आपल्याच वेळेला चालते.

आता कामाच्या गोष्टी. पहिली पासपोर्टाची. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. जळगावला टपाल कार्यालयात पासपोर्टाचे केंद्र आहे. साध्या छत्तीस पानी पासपोर्टाला १५०० रुपये शुल्क पडते आणि तो दहा वर्षे चालतो. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी आपल्या वयाच्या बायकांना शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो. माझा सातवीचा दाखला माहेरच्या पेटीत पंचवीस वर्षांहून अधिक काळ पडून होता. तो बाहेर काढला तेव्हा मला फार बरे वाटले. त्या कागदालाही किंमत आहे!

मात्र दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारावर सासरचे, अशी आपली सर्वांचीच तऱ्हा आहे. पासपोर्टावर कोणते नाव हवे ते आधी ठरवा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे नीट करून घ्या. विवाहाचा दाखला आणलाच पाहिजे, ही अट डिसेंबर २०१६ पासून राहिलेली नाही. पुढे विमानाचे तिकीट काढताना पासपोर्टावरचे नाव अक्षरशः तसेच लिहावे. पोलीस चौकशीचे बोलावणे आले तर घाबरू नये. ती सर्वांचीच होते.

दहावी न झालेल्या बायकांच्या पासपोर्टावर बहुधा 'ईसीआर' असा शेरा येतो. एका बहिणीने तो पाहून पासपोर्ट कपाटात ठेवून दिला होता. तिला वाटले, आपल्याला परदेशी जायला बंदी आहे. तसे नाही. ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसांची फसवणूक होऊ नये म्हणून तो शेरा असतो. लंका त्या अठरांत नाही, आणि आपण नोकरीला जाणारही नाही. सातवीवालीला सहलीची वाट मोकळी आहे.

व्हिसाचे नियम आणि शुल्क मात्र गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले. म्हणून तिकिटाच्या आधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यायचे. हे काम कोणाच्या सांगण्यावर सोडू नये. पासपोर्टाची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी.

दुसरी गोष्ट काळाची. लंकेत पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर पश्चिमेला व दक्षिणेला, आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला उत्तरेला व पूर्वेला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस तिथे 'दितवाह' वादळ आले. डोंगरात दरडी कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. म्हणून रथसप्तमी होऊन हळदीकुंकवे आटोपली की निघावे हे बरे. घाटातले रस्ते आणि आगगाडी सुरू आहे ना, ते मात्र आधी विचारून घ्यावे.

तिसरी पैशाची. दरमहा प्रत्येकीने हजार रुपये आपापल्या नावाच्या खात्यात टाकावे असे मी सुचविते. दोन वर्षांत चोवीस हजार होतात. उरलेले कोणी भाजीपाल्यातून वाचवील, कोणी बिबडे-कुरडयांच्या विक्रीतून. आपल्या एका रुपयाला तिथले तीनाहून जास्त रुपये मिळतात, तेव्हा तिथल्या चहाची किंमत ऐकून दचकू नये.

चौथी खाण्याची. जेवणात भात, आमट्या आणि नारळ. तिखट भरपूर, त्याची खान्देशी माणसाला भीती नाही. पण नारळाच्या चटणीतही पुष्कळदा सुक्या मासळीचा चुरा घालतात. माळकरी बायकांनी विचारूनच खावे. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेले बिबडे घ्यावे. बुद्धमंदिरात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. आपले नऊवारी-पाचवारी तिथे शोभूनच दिसेल. चपला बाहेर काढाव्या, आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तिथल्या लोकांना ते फार लागते.

काही भगिनींना वाटते की ही चैन आहे. मला तसे वाटत नाही. शेजारणीच्या घरी अडचण आली की आपण वाटीभर पीठ देतो. २०२२ मध्ये आपल्या देशानेही लंकेला सुमारे चार अब्ज डॉलरांचा आधार दिला. पण शेजारीण सावरल्यावर आपण तिच्या घरी जाऊन बसतो, तिच्या हातचा चहा घेतो, तेव्हा तिला खरे बरे वाटते. लंकेत पुष्कळ घरे पाहुण्यांवर चालतात. आपण तिथे उतरलो, जेवलो, चार वस्तू घेतल्या, तर तो पैसा कोणा बाईच्या चुलीपर्यंत पोचतो. महामारी आपण पाहिली, तिने महामारी पाहिली, दिवाळे पाहिले आणि वादळही पाहिले. दोन्ही घरच्या बायकांना एकमेकींशी बोलायला पुष्कळ आहे. भाषा येत नसली तरी.

घरच्या पुरुषमंडळींनाही एक विनंती. आठ दिवस स्वयंपाक कोण करील, हे कृपा करून आम्हाला विचारू नका. ते तुम्ही ठरवा. खिचडी लावणे अवघड नाही. आम्ही कृती लिहून ठेवू.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, येत्या महिन्यात ज्यांना यायचे त्यांनी आपले कागद घेऊन एका दुपारी मंडळात जमावे. एकीचे दुसरीने तपासावे आणि लिहिता न येणारीचा अर्ज लिहिती बाई भरील. दुसरी, सगळ्यांनी एकाच दिवशी जळगावला जावे, म्हणजे कोणी एकटी पडणार नाही. तिसरी, ज्यांच्या घरी अजून होकार नाही त्यांनीही पासपोर्ट काढून ठेवावा. सहलीला आली नाही तरी तिच्या नावाचा, तिच्या सहीचा एक कागद तिच्याजवळ राहील.

यादीची वही मी आजच आणली आहे. पहिल्या पानावर बारा ओळी आखल्या आहेत, आणि पुढची पाने कोरी आहेत. चहा झाल्यावर ज्यांना वाटेल त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहावे.