आमवात आणि आपला कुटुंबधर्म



आमवाताविषयी दोन शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे; परंतु माझ्या पत्नीस हा विकार जडून अकरा वर्षे लोटली, तेवढाच माझा अधिकार.

माधवनिदान या प्राचीन वैद्यकग्रंथात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे. आधुनिक वैद्यक सांगते की, या विकारात शरीराची रक्षणशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. उतारवयात गुडघे झिजतात, ते निराळे. हा विकार ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो व पुरुषांपेक्षा स्त्रियांस दुपटी-तिपटीने अधिक होतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत हजारी सुमारे पाच माणसांत तो आढळला.

पहाटे बोटे आखडतात. तासभर मूठ वळत नाही. दुपारी तोच हात कामाला लागतो. मग घरातली माणसे म्हणतात, "सकाळचा तेवढा आळस!" बंधूंनो, हा आळस नव्हे, प्रहराप्रहराने रूप पालटणे हे या व्याधीचे लक्षणच आहे.

आमच्या घरी ज्वारीच्या भाकरी आता मुलगा थापतो. लातुरास २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या टंचाईत भरलेली घागर मनगटास किती जड, हे आम्हांस पुरते उमगले. तेव्हापासून पाणी लहान भांड्यांतूनच नेतो. पहाटे हात शेकण्यास ऊन पाणी, सोसेल तितका व्यायाम आणि कामांच्या मध्ये विसावा, हा नित्यक्रम आहे.

मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. यास्तव आम्ही दिनदर्शिकेवर गुरुवार रेखून ठेवतो. रक्ततपासणी टाळू नये, बरे वाटले म्हणून औषध परस्पर सोडू नये. अपत्याची इच्छा असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. अनोळखी पुड्यांपासून दूर राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

उपचार लवकर सुरू झाल्यास सांधे वाकडे होण्यापासून बहुधा वाचतात. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरीही लेकीचे लग्न मोडेल या भयाने दुखणे झाकले जाते, सुनेचे दुखणे माहेरच्या माथी मारले जाते. आणि त्या विलंबात सांधे कायमचे जातात.

समाजाची प्रतिष्ठा दुखणे लपविण्यात नाही. दुखणाऱ्या हातातले काम आपल्या हाती घेण्यात आहे.