एकाच पानावरची दोन विधाने



विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांच्यातल्या ताणाचा विषय निघाला की आपण थेट रोमला जातो, १६३३ साली गॅलिलिओवर चाललेल्या खटल्याकडे. मी आज तिकडे फारसा जाणार नाही. आपल्या घरातले पंचांग घ्या आणि ग्रहणाचे पान उघडा. तिथे स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा तास-मिनिटांत दिलेल्या असतात. त्याच पानावर वेध कधीपासून पाळायचे, गरोदर बाईने काय करू नये, कोणत्या राशीला हे ग्रहण अशुभ, हेही असते. वेळा येतात सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या गतीच्या गणितातून. नियम येतात धर्मशास्त्रातून आणि रूढीतून. पण शाई एक, टाइप एक, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही विधाने एकाच जातीची वाटतात. वेळ मिनिटाला बरोबर ठरते, मग नियमही तितकाच बरोबर असणार, असा विश्वास नकळत वरून खाली झिरपतो. तत्त्वज्ञानाचे पहिले काम या पानावर आहे. प्रत्येक विधानाला थांबवून विचारायचे, तुझे प्रमाण कोणते?

हा प्रश्न परदेशातून आलेला नाही. आर्यभटाने ४९९ साली स्पष्ट लिहिले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची छाया झाकते. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत राहूची अक्षरशः उलटतपासणी घेतली. राहूची गती ठरलेली असेल, तर तो स्वतः एका ठिकाणी असताना समोरच्या राशीतल्या बिंबाला कसा गिळतो? आणि गती ठरलेली नसेल, तर ग्रहणाचे गणित आधी जमते कसे? हा युक्तिवाद आजही मला तितकाच धारदार वाटतो. पण तोच वराहमिहीर पुढे राहूसाठी एक जागा राखून ठेवतो. ग्रहणकाळी जे दान आणि हवन होईल त्यातला वाटा तुला मिळेल, असा ब्रह्मदेवाचा वर राहूला आहे, म्हणून त्या वेळी त्याचे सान्निध्य असते, असे तो सांगतो.

६२८ साली ब्रह्मगुप्ताने याच्याही पुढे पाऊल टाकले, आणि ते मागे टाकलेले पाऊल होते. राहू नाकारणारे लोक श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध बोलतात, असा ठपका त्याने आर्यभट आणि वराहमिहिरावर ठेवला. स्वतःच्या ग्रंथात ग्रहणे मात्र छायेच्याच गणिताने काढली. चारशे वर्षांनी अल-बीरुनीने हे वाचले आणि तो व्यथित झाला. एवढा मोठा गणिती असे का लिहितो? सॉक्रेटिसावर जो प्रसंग आला तसल्याच कशाची तरी छाया ब्रह्मगुप्तावर असावी, असा त्याचा तर्क. तो खरा की खोटा हे आज ठरवता येणार नाही, पण परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या एका विद्वानाने दुसऱ्या विद्वानाविषयी इतक्या कळकळीने विचार करावा, याचे मला फार मोल वाटते.

मग आले भास्कराचार्य. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत त्यांनी निरीक्षणातून उत्तर दिले. चंद्रग्रहणात बिंबाची शिंगे बोथट दिसतात, सूर्यग्रहणात तीक्ष्ण. चंद्राला ग्रहण पूर्वेकडून लागते, सूर्याला पश्चिमेकडून. झाकणारी वस्तू दोन्ही वेळा एकच असती, तर हा फरक पडला नसता. चंद्राला झाकणारे बिंब मोठे आहे, सूर्याला झाकणारे लहान. एवढे सिद्ध केल्यावर त्यांनी समेट केला. ब्रह्मदेवाच्या वराने राहू पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि चंद्राला झाकतो, चंद्रात शिरतो आणि सूर्याला झाकतो, म्हणून आगमांशी विरोध नाही. गणिताला त्या राहूने कुठेही धक्का लागत नाही. तो छायेइतकाच मोठा, छायेइतकाच गोल, छायेच्याच वेळेला येणारा.

हा समेट सुंदर आहे, आणि माझ्या मते महागात पडलेला आहे. युरोपात एक धर्मपीठ होते, त्याचे न्यायालय होते, म्हणून भांडण उघड झाले. त्यात माणसे भरडली गेली, पण प्रश्न सगळ्यांसमोर आला. आपल्याकडे ज्योतिष्याने छाया मांडली, पुराणिकाने राहू सांगितला, आणि दोघांनी एकमेकांना हात लावला नाही. गणित करणाऱ्याला कोणी तुरुंगात टाकले नाही, ही मोठी गोष्ट. मात्र गावातल्या माणसाने राहूला काय विचारायचे, हेही त्याला कोणी शिकवले नाही.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला तितकीच प्रिय आहे. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ साली जमीन दिली. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. आणि दान दिले कधी? श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. चंद्राला पृथ्वीची छाया झाकते हे शिकवणाऱ्या शाळेला, ग्रहणकाळी दान केले की पुण्य लागते या श्रद्धेतून जमीन मिळाली! इथे श्रद्धेने ज्ञानाच्या वाटेत काही आडवे घातले नाही. तिने विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय केली.

मग श्रद्धा कुठे आडवी येते आणि कुठे येत नाही, हे ओळखायचे कसे? त्यासाठी मी मीमांसकांकडे जातो. त्यांनी कर्मांचे दोन भाग केले. ज्याचे फळ डोळ्यांना दिसते ते दृष्टार्थ, दिसत नाही ते अदृष्टार्थ. तांदूळ मिळावेत म्हणून साळी कांडायच्या, हे दृष्टार्थ. वेदवचनाचा अधिकार त्यांनी ठेवला तो, प्रत्यक्ष आणि अनुमान जिथे पोहोचत नाहीत अशा विषयापुरता. शंकराचार्यांनीही गीताभाष्यात म्हटले आहे की अग्नी थंड असतो असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी त्या बाबतीत त्या प्रमाण ठरत नाहीत. श्रुतीवर ज्याची सगळी उभारणी, त्या आचार्याने श्रुतीला घातलेली ही हद्द आहे.

या कसोटीवर ग्रहणाचे पान पुन्हा वाचा. ग्रहण सुटल्यावर एखादा गोदावरीत बुडी मारतो, ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाळी ऐकून कोणी पसाभर धान्य देतो. हे अदृष्टार्थ आहे. विज्ञान त्याला खोटे पाडू शकत नाही, कारण त्याने कोणताही भौतिक दावा केलेला नाही. त्या स्नानाला हसणारा बुद्धिवादीही माझ्या मते प्रमाणांची गल्लतच करतो. पण ‘ग्रहणाच्या किरणांनी अन्नात विष होते’, ‘गरोदर बाईने विळीवर भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटका होतो’ ही विधाने दृष्टार्थ आहेत. अन्न दिसते, ओठ दिसतो. तिथे प्रत्यक्ष आणि अनुमान यांचेच राज्य चालते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये हा नियम याच राज्यात टिकतो, कारण सूर्यप्रकाशाने दृष्टिपटलाला इजा होते. ती ग्रहण नसतानाही होते.

अलीकडे एक नवीनच रीत पडली आहे. प्रत्येक आचाराला ‘वैज्ञानिक कारण’ चिकटवायचे. असे करणाऱ्यांना वाटते की आपण धर्माची बाजू भक्कम केली. प्रत्यक्षात त्यांनी अदृष्टार्थ कर्माला दृष्टार्थाच्या न्यायालयात स्वतःहून उभे केले. तिथे ते हरणार, आणि त्याच्याबरोबर स्नानदानासारखे निरागस आचारही हरलेले वाटणार. श्रद्धेचा एवढा अपमान नास्तिकानेही केला नसेल.

मीमांसकांच्या विभागणीला मी स्वतःची एक भर घालतो. अदृष्टासाठी सोसायचे कष्ट ज्याचे त्याने सोसावेत. मी ग्रहणात उपास केला, तर तो माझा. पण वेधापासून मोक्षापर्यंत सात महिन्यांच्या गरोदर सुनेला पाणीसुद्धा न देता कोपऱ्यात बसवले, तर तिची कोरड, तिची चक्कर, तिच्या पोटातल्या बाळाची उपासमार हे सगळे दृष्ट आहे. दुसऱ्याच्या शरीरावर लादलेला कोणताही नियम अदृष्टाच्या आडोशाला उभा राहू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, लादतो कोण? ती स्वतःच घाबरलेली असते. ही शंका खरी आहे आणि सगळ्यांत अवघड आहे. १८९८ च्या जानेवारीत पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला दुर्बिणी आणि वर्णपटाची यंत्रे लावून खग्रास ग्रहणाला सामोरे गेले. त्याला सव्वाशेच्या वर वर्षे झाली, आणि ग्रहणाच्या दिवशी दार लावून घेणारी घरे अजून आहेत. भीतीला छायेचे गणित पुरत नाही. कारण त्या बाईपाशी तिचा स्वतःचा पुरावा असतो. शेजारच्या आळीतले फाटक्या ओठाचे मूल तिने पाहिलेले असते, आणि त्याच्या आईने ग्रहणात सुरी धरली होती, हे ऐकलेले असते. तिला अडाणी म्हणू नका. ती अनुमानच करते आहे, फक्त अर्धे. नैयायिकांनी कार्यकारण ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही मागितले. ग्रहणात चिरले आणि ओठ फाटला, एवढ्यावर भागत नाही. चिरले आणि बाळ धडधाकट जन्मले, अशा किती जणी? सगळे पाळले आणि तरी ओठ फाटका निघाला, अशा किती? शेतात, कारखान्यात, दवाखान्यात ग्रहणाच्या दिवशी कामावर उभ्या राहिलेल्या बायकांची मुले कशी आहेत?

ही विचारपूस करायला प्रयोगशाळा लागत नाही. अंगणवाडीत येणाऱ्या आयांना, महिला मंडळाला, आठवी-नववीच्या मुलांना गावातल्या गावात ती करता येईल. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, आषाढी अमावास्येला सूर्यग्रहण आहे. ते इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल, महाराष्ट्रातून दुपारनंतर खंडग्रास दिसेल. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, ज्या परिचारिका आहेत, आशाताई आहेत, त्यांनी त्याच्या आधी दोन रकान्यांचा कागद घेऊन गल्लीतल्या आज्यांपासून सुरुवात करावी. आज्यांना सगळी ग्रहणे आठवतात आणि कोणाच्या पोटी कधी काय जन्मले, हेही.