कुरकुर, घर्षण आणि घसारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



रिसोड असो की मानोरा, सोयाबीनच्या हंगामात आपण यंत्राची तब्येत कानानं तपासतो. कुरकुरलं की ओंगण घालायचं, आवाज बसला की पुन्हा काम सुरू. शेतकी शिकून तुमच्यात फिरणारे आम्ही आज एवढंच सांगतो: घर्षण, झीज आणि आवाज ही एका घरची भावंडं आहेत, पण तिघांचा स्वभाव वेगळा. एक गप्प बसलं म्हणून दुसरं थांबत नाही.

आधी आवाज बघू. बंडीच्या चाकाचा बुश लोखंडी आखावर कोरडा फिरतो, तेव्हा तो सरळ घसरत नाही. क्षणभर चिकटतो, ताण वाढला की सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडलं की धातू थरथरतो आणि अख्खी बंडी ओरडते. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. म्हणजे घर्षण किती आहे यापेक्षा ते कसं कमीजास्त होतं, याचा हा आवाज.

आता झीज. गुळगुळीत दिसणारे दोन धातू बारीक उंचवट्यांच्या टोकांवरच एकमेकांना टेकतात. ती टोकं तुटतात, खरवडली जातात. इंग्लंडच्या आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये नियम मांडला: भार आणि घसरण्याचं अंतर वाढलं की झीज वाढते, धातू कठीण असला की घटते. घर्षण जवळपास सारखं असूनही एका जोडीची झीज दुसरीच्या हजारपट असू शकते.

आपला घात इथंच होतो. धुळीतले गारेचे कण लोखंडापेक्षा कठीण. उघड्या डब्यातलं ग्रीस, नाहीतर इंजिनातून काढलेलं काळं तेल आपण बुशात घालतो. आवाज जातो; पण त्यातली कचकच पॉलिश पेपरासारखी आख खात राहते. ट्रॅक्टरचंही तसंच. एअर क्लीनरमधून निसटलेली धूळ रिंगा आणि लायनर घासते, कानाला पत्ता नाही. ऑईल कमी पडू लागलं, निळसर धूर आला, की कळतं. तोवर इंजिन उघडायची पाळी आलेली असते.

मग करायचं काय? ग्रीसचा डबा झाकून ठेवा. निपल पुसूनच गन लावा. जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरा. मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज बघा. यंत्र पूर्ण बंद करून शाफ्ट हातानं हलवून ढिलाई तपासा. आणि नेहमीचा आवाज अचानक बदलला, तर तेल ओतण्याआधी कारण शोधा.

ही बारकी गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये जोस्ट समितीनं १९६६ मध्ये हिशेब मांडला, की घर्षण आणि झिजेची नीट काळजी घेतली तर देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील. आपल्या भाषेत तर झिजेला आणि हिशेबातल्या तुटीला शब्दच एक आहे: घसारा. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरतो. तो पुरेसा धरतो का, हे विचारायचं तर आपल्याजवळ आकडे हवेत. बुश, रिंगा, बेअरिंग कधी बदलले, किती पैसे गेले, हे आजपासून घरोघर वहीत लिहा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. भाव मागताना त्या उपयोगी पडतील.