तसबीर कुणाची?

(वाचनवर्गात दिलेले भाषण)





आज तुम्हांला एका तसबिरीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट खरी आहे. तिच्यात आमची चूक आहे, ती आधी कबूल करतो. दुसऱ्याला शिकवायला निघालेल्या माणसाने आपली चूक लपवू नये.

वैनगंगेच्या काठी एक गाव आहे. तेथे मालगुजाराचा जुना वाडा पडायला आला होता. वाडा मोकळा करताना माळ्यावर एक मोठी तसबीर सापडली. जाड कापडावर तेलरंगाने काढलेली. रंग धुराने काळवंडलेला, कापड एका कोपऱ्यात फाटलेले, चौकट वाळवीने खाल्लेली. चित्रात एक गृहस्थ खुर्चीवर बसलेले. डोक्याला पागोटे, अंगात कोट. चेहरा मात्र नीट ओळखू येईना.

घरच्या मंडळींनी ती तसबीर आमच्या वाचनालयाला दिली. २६ जानेवारी जवळ आली होती. आम्ही म्हटले, चला, पुसून स्वच्छ करू आणि भिंतीवर लावू. ओले फडके घेतले, थोडा साबण लावला आणि पुसू लागलो. काळा मळ निघाला. आम्हांला आनंद झाला. आणखी जोर केला. पाहतो तो फडक्याला लाल रंगाच्या खपल्या! पागोट्याचा एक तुकडा निघून आला होता. खाली नुसते पांढरे कापड दिसू लागले.

आम्ही हात आवरला. पण गेलेला रंग काही परत आला नाही.

असे का झाले? ते आम्हांला नंतर समजले. तुम्हांला लगेच समजेल, कारण तुम्ही घरची भिंत दर वर्षी सारवता. भिंत म्हणजे काय? आधी कूड किंवा विटा. त्यावर माती. त्यावर चुना. आणि वर रंग. तसबिरीचेही तसेच असते. आधी लाकडी चौकटीवर ताणलेले कापड. त्यावर सरस आणि खडू यांचा पांढरा लेप. त्यावर रंग. आणि सर्वांत वर रोगणाचा पातळ थर. रोगण रंगाला जपते आणि चमक देते.

तसबीर जुनी झाली की रंगाला बारीक भेगा पडतात. ओले फडके फिरवले की पाणी त्या भेगांतून आत जाते. आतला सरस फुगतो. पावसाळ्यात भिंतीला पोपडे येतात ना, तसा रंग सुटतो आणि फडक्याबरोबर निघून जातो. आमचे तेच झाले.

चांगल्या मनाने केलेली दुरुस्तीही नाश करू शकते. ही चूक काही आम्हीच केली असे नाही. शहाण्यासुरत्या माणसांनीही केली आहे.

आपल्या महाराष्ट्रातले अजिंठा तुम्ही ऐकले असेल. तेथे डोंगर कोरून लेणी केली आहेत. आत भिंतींवर चित्रे आहेत. त्यांतली कित्येक दीड हजार वर्षांची, तर काही दोन हजार वर्षांची आहेत. त्या भिंतींना मातीचा गिलावा आहे. त्या मातीत भाताचा कोंडा आणि झाडपाल्याचे धागे मिसळले आहेत. म्हणजे आपल्या घरासारखीच भिंत!

१९२० च्या सुमारास तो मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. चित्रांचे पोपडे पडत होते. म्हणून निजाम सरकारने इटली देशातून दोन कारागीर बोलावले. त्यांनी सुटलेले पोपडे चिकटवले, हे चांगले केले. पण वरून लाखेचे रोगण लावले. लाख म्हणजे आपल्या रानातल्या पळसावर, कुसुमावर आणि बोरीवर किडे तयार करतात तीच. पहिल्यांदा चित्रे छान चमकली. पुढे ती लाख पिवळी पडली, मग तपकिरी झाली. धूळ धरू लागली. लाखेखालची निळी, हिरवी चित्रे झाकोळून गेली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांना ती लाख हळूहळू काढावी लागली. एका पिढीने घाईने लावले, ते दुसऱ्या पिढ्यांना बोटभर, बोटभर काढत बसावे लागले.

आता परदेशातली एक गोष्ट ऐका. हॉलंड देशात ॲमस्टरडॅम नावाचे शहर आहे. तेथे राइक्स म्युझियम नावाचे मोठे संग्रहालय आहे. तेथे रेम्ब्रांट नावाच्या चिताऱ्याचे एक चित्र आहे. ते १६४२ साली पुरे झाले. सुमारे बारा फूट उंच आणि चौदा फूट रुंद! शहराच्या शिपाईगड्यांचे आणि त्यांच्या नायकाचे ते चित्र आहे. पैसे भरून त्यांनी आपापले चेहरे त्यात काढून घेतले होते.

वर्षे गेली. रोगण काळे पडले. चित्र इतके काळवंडले की लोकांना वाटले, हे शिपाई रात्री पहारा देत आहेत. म्हणून त्याचे नावच पडले, ‘रात्रीचा पहारा’. दुसऱ्या महायुद्धात ते चित्र गुंडाळून भुयारात लपवून ठेवले होते. युद्ध संपल्यावर, १९४६-४७ साली, जाणकारांनी काळे रोगण काढले. तेव्हा काय दिसले? चित्रात रात्र नव्हतीच! दिवसाचा उजेड होता. मळाने दिवसाची रात्र केली होती. पण नाव एकदा चिकटले ते चिकटले. आजही लोक त्याला ‘रात्रीचा पहारा’च म्हणतात.

त्याच चित्राला आणखी एक इजा झाली. १७१५ साली ते दुसऱ्या जागी लावायचे होते. भिंत लहान पडली. मग काय केले? चारी बाजूंनी चित्रच कापले! डाव्या बाजूची दोन माणसे त्यात गेली. ती होती हे आज कसे समजते? कापण्याच्या आधी दुसऱ्या एका चिताऱ्याने त्या चित्राची लहान नक्कल केली होती. ती नक्कल शिल्लक आहे. म्हणून सांगतो, नोंद ठेवावी. मूळ वस्तू गेली तरी नोंद साक्ष देते.

आणखी एक अलीकडची गोष्ट. स्पेन देशात बोर्खा नावाचे लहान गाव आहे. तेथील देवळाच्या भिंतीवर येशू ख्रिस्ताचे चित्र होते. ओल लागून त्याचे पोपडे पडत होते. २०१२ साली गावातल्या ऐंशी ओलांडलेल्या एका भाविक बाईंनी स्वतःच रंग आणि कुंचला घेतला. मन चांगले होते. पण चेहरा पार बिघडला. साऱ्या जगात त्याचे फोटो गेले आणि लोक हसले. आम्ही मात्र हसलो नाही. आमच्या फडक्यावरचा लाल रंग आम्हांला आठवला.

मग जाणकार लोक काय करतात?

पहिली गोष्ट, ते लगेच हात लावत नाहीत. आधी पाहतात. पुढून फोटो, मागून फोटो. दिवा आडवा धरतात, म्हणजे उजेड तिरपा पडतो आणि कुठे रंग उचलला आहे ते दिसते. मग अंधाऱ्या खोलीत जांभळ्या उजेडाचा खास दिवा लावतात. त्यात जुने रोगण हिरवट चमकते आणि मागाहून लावलेला रंग काळ्या डागासारखा दिसतो. दवाखान्यात हाडाचा एक्स-रे काढतात, तसा तसबिरीचाही काढतात. वरच्या रंगाखाली दुसरे काही असेल तर ते त्यात दिसू शकते.

दुसरी गोष्ट, सुटलेला रंग आधी चिकटवतात. त्यावर पातळ कागद ठेवतात आणि सौम्य सरस आत सोडतात. मग काडीला कापूस गुंडाळून एका कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, मळ काढून पाहतात. रंगाला धक्का नाही असे दिसले, तरच पुढे जातात. फाटलेले कापड धाग्याला धागा जुळवून सांधतात.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. नवा रंग ते फक्त गेलेल्या जागेतच भरतात. जुन्या रंगावर एक थेंबही चढवत नाहीत. आणि भरलेला रंग असा वापरतात की उद्या कुणाला काढावासा वाटला तर मूळ रंगाला न दुखवता काढता यावा. म्हणजे आपली चूक झाली, तर पुढच्याला ती सुधारता यावी. हा नियम तसबिरीपुरता नाही. कोणत्याही कामात तो बरा.

आता आमच्या तसबिरीकडे वळू. ती कुणाची?

गावात दोन मते झाली. तरुण पोरे म्हणाली, “हा चांद्याचा गोंडराजा आहे. वाचनालयात त्याच्याच नावाने लावू.” एक चितारीही पुढे आला. म्हणाला, “मी सगळा रंग नवा करून देतो. पागोट्याला शिरपेच लावतो, हातात तलवार देतो. शोभा येईल.” वाड्यातल्या म्हाताऱ्या आजी मात्र म्हणाल्या, “नाही जी भाऊ, हे आमच्या मामंजीचे वडील होत. मी लग्न होऊन आली तेव्हा बैठकीत टांगले होते.”

आम्ही पेचात पडलो. पोरांचा अभिमान खोटा नव्हता. आपल्या राजाचा चेहरा पाहावा, असे कुणाला वाटणार नाही?

तेव्हा आम्हांला छत्रपती शिवाजी महाराजांच्या चित्राची हकिगत आठवली. आपल्या लोकांत कित्येक वर्षे एक चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. ते चित्र इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे होते. वासुदेव सीताराम बेंद्रे नावाच्या इतिहास संशोधकांनी जुने कागद धुंडाळले. डच लोकांच्या कागदांतून आलेले महाराजांचे चित्र त्यांना मिळाले. १९३३ साली पुण्यात त्यांनी ते लोकांपुढे ठेवले. डच म्हणजे हॉलंडचे लोक. ते तेव्हा आपल्या देशात व्यापाराला येत. राजेरजवाड्यांची चित्रे ते विकत घेत आणि मायदेशी नेत. ‘रात्रीचा पहारा’ ज्या राइक्स म्युझियममध्ये आहे, तेथेच महाराजांचेही एक लहान जुने चित्र आहे. ते दक्षिणेत गोवळकोंड्याकडे काढलेले आहे.

पाहा, महाराजांसारखा थोर पुरुष, तरी त्यांच्या नावाखाली दुसऱ्याचा चेहरा चालला. मग साध्या माणसाच्या तसबिरीचे काय?

म्हणून आम्ही तसबिरीलाच विचारायचे ठरवले. तसबीर बोलते, पण पुराव्याने बोलते. जाणकार रंगसुद्धा तपासतात. एक गडद निळा रंग जर्मनीतल्या बर्लिन शहरात १७०० नंतर प्रथम तयार झाला. तो रंग मूळ चित्रात असला, तर चित्र त्याआधीचे असूच शकत नाही. आमच्याजवळ तपासायची साधने नव्हती. पण डोळे होते. पोरांनाच जवळ बोलावले. भिंग दिले. म्हटले, “नीट पाहा. कपडे पाहा.”

एका पोराला दिसले, कोटाच्या खिशातून घड्याळाची साखळी लोंबते आहे. कोटही इंग्रजी बेताचा. चांद्याचे गोंडराज्य तर १७५१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांनी घेतले. असा कोट आणि अशी साखळी आपल्या भागात त्यानंतर पुष्कळ काळाने आली. पोर स्वतःच म्हणाले, “हा राजा नाही जी.” त्याचा चेहरा उतरला.

आम्ही म्हटले, “बाबा, वाईट वाटून घेऊ नको. गोंडराजांना उसन्या तसबिरीची गरज नाही. चंद्रपूरला जा. त्यांचा परकोट उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा हे दरवाजे उभे आहेत. राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधी उभी आहे. खरे एवढे असताना खोटे कशाला टांगायचे?”

मग आजींचे म्हणणे खरे का? आम्ही तसबीर उलटी केली. मागे काळ्या शाईने नाव लिहिले होते. पण वाळवीने ते खाल्लेले. शेवटची दोनच अक्षरे उरली होती, ‘राव’. आता गावात जुन्या पिढीत ‘राव’ कोण नव्हते? आजींच्या दिरांच्या घरचे म्हणतात, ते आमचे आजोबा. आजी म्हणतात, आमच्या मामंजीचे वडील. दोन्ही घरांत दुसरा कागद नाही.

चिताऱ्याला आम्ही हात जोडून नाही म्हटले. तसबीर तशीच ठेवली. आमच्या हातून गेलेली जागाही तशीच पांढरी आहे. निघालेल्या खपल्या कागदाच्या पाकिटात जपल्या आहेत. पुढे जाणकाराकडे तसबीर गेली तर त्या उपयोगी पडतील. खाली एक चिठ्ठी लावली आहे. तीवर लिहिले आहे: ‘गृहस्थ, नाव नक्की नाही. वाड्यातील आजी यांना आपल्या सासऱ्यांचे वडील म्हणतात. मागे ‘राव’ अशी अक्षरे आहेत. कुणास माहिती असल्यास सांगावी.’ ही चिठ्ठी आजींनी वर्गात येऊन स्वतः वाचली. त्या साठीनंतर अक्षर शिकल्या. वाचून म्हणाल्या, “माझे म्हणणे लिहिले, एवढे बरे झाले. नाही तर माझ्यामागं कोण सांगणार होतं?”

मंडळी, तुमच्या घरीही जुनी तसबीर असेल. जुना फोटो असेल. त्यासाठी एवढे करा.

ओले फडके, साबण, कांदा, बटाटा, घासलेट यांपैकी काहीही लावू नका. रंग उचलला असेल तर कोरडे फडकेही नको.

चुलीच्या धुरापासून, उन्हापासून आणि पावसात ओली होणाऱ्या भिंतीपासून तसबीर दूर ठेवा. मागे लाकडाचे दोन तुकडे लावा, म्हणजे हवा खेळेल.

पडलेल्या खपल्या टाकू नका. पाकिटात ठेवा.

पुढून आणि मागून फोटो काढून ठेवा. मागचे नाव, तारीख, दुकानाची चिठ्ठी कधी फाडू नका.

दुरुस्ती करायची तर संग्रहालयात आधी विचारा. आपल्याला जवळ नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला सारे अजबबंगला म्हणतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तू जपण्याचा खास विभाग आहे.

आणि शेवटचे काम आजच करा. त्याला पैसा लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. तसबीर दाखवा आणि विचारा, हे कोण? कुठले? तुम्हांला कुणी सांगितले? जे सांगतील ते वहीत लिहा. खाली सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. तुम्हांला आता लिहिता येते. आमच्या तसबिरीमागचे नाव वाळवीने खाल्ले, कारण ते दुसऱ्या कुणी कुठे लिहून ठेवले नव्हते.