दारूचे सर्वेक्षण आणि आकड्यांचा ताळा

(वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यसनमुक्ती विभागातील खाटा वाढवाव्यात किंवा कसे, हे ठरविण्यासाठी परिसरातील नागरिकांना मोबाईलवर प्रश्नावली पाठवावी, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना स्तुत्य असून खर्चही अल्प आहे. मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि आपल्या देणगीचा विनियोग ज्या आकड्यांवरून ठरणार, ते आकडे पारखून घेणे हे माझे कर्तव्य होय.

अशा सर्वेक्षणांत जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली बहुधा वापरतात. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘ऑडिट’ असा शब्द होतो. हे कळल्यावर मला अंमळ आपलेपणाच वाटला. एकूण गुण ४०. ८ किंवा अधिक गुण झाल्यास मद्यपान धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात. तिच्यातील दुसरा प्रश्न, पिता त्या दिवशी साधारणतः किती ‘ड्रिंक’ घेता, असा आहे. येथे एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. आपल्याकडे ग्रॅममध्ये कोणी पीत नाही! १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये मद्यार्काचे प्रमाण शेकडा ४२.८ असेल, तर त्यात सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क, म्हणजे सहा ड्रिंक भरतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली चार ड्रिंकच्या बरोबरीची होते.

आता रोज एक क्वार्टर घेणारा गृहस्थ पाहा. पहिल्या प्रश्नात ‘रोज’ म्हटल्याबद्दल त्याला ४ गुण मिळतात. दुसऱ्यास तो प्रामाणिकपणे ‘एक’ लिहितो: गुण शून्य. एका वेळी सहा किंवा अधिक ड्रिंक कितीदा, या तिसऱ्या प्रश्नास ‘कधीच नाही’: पुन्हा शून्य. वस्तुतः त्याचे दुसऱ्या प्रश्नात २ आणि तिसऱ्यात ४ गुण होतात. म्हणजे पहिल्या तीन प्रश्नांतच जेथे १० गुण व्हावयास हवेत, तेथे ४ पडतात, आणि उपचारांची गरज असलेला माणूस निर्धास्तांच्या यादीत जाऊन बसतो. त्याने खोटे काहीच सांगितलेले नाही.

समोर माणूस बसून विचारतो त्यापेक्षा पडद्यावर लोक अधिक मोकळेपणाने सांगतात, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. परंतु घरात एकच मोबाईल असेल आणि तो मुलीच्याही हाती जात असेल, तर तो मोकळेपणा किती उरणार? शिवाय महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मद्यप्राशनास परवाना लागतो. नाव आणि क्रमांक मागितल्यास उत्तरे आखडणारच. आणि जो सकाळपासूनच नशेत आहे, तो प्रश्नावली उघडतही नाही. हजारो उत्तरे आली तरी त्याची जागा रिकामीच राहते.

दारोदार जाऊन केलेल्या मोठ्या पाहण्यांतही आकडे जुळत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील २७.३ टक्के पुरुष मद्यपान करणारे आढळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांत हे प्रमाण सुमारे १९ टक्के भरले. वयोगट आणि विचारण्याची रीत भिन्न आहे हे मान्य. तरी फरक लहान नाही. अनेक देशांत लोकांनी सांगितलेल्या मद्याची बेरीज विक्रीच्या नोंदींच्या निम्म्याच्या आसपासच येते. मालसाठ्याचा असा ताळा एखाद्या दुकानदाराने दाखविला, तर कोणता लेखापरीक्षक सही करील?

बक्षीस ठेवल्यास एकच हात दहा प्रश्नावल्या भरतो. काही सेकंदांत संपविलेली किंवा सरसकट पहिलाच पर्याय निवडलेली उत्तरे ओळखता येतात. विसंगत उत्तरे मात्र सरसकट गाळू नयेत, असे माझे मत आहे. प्रथम ‘पीत नाही’ आणि पुढे ‘सकाळी हात थरथरतात’ असे लिहिणारा बऱ्याचदा आपला रुग्णच असतो. अशी उत्तरे बाजूला ठेवून त्यांची संख्या अहवालात स्वतंत्र दाखवावी.

म्हणून प्रश्नावलीत ‘ड्रिंक’ऐवजी पेग, क्वार्टर आणि बाटलीची चित्रे द्यावीत, नाव विचारू नये, बक्षीस ठेवू नये, आणि ती प्रथम बाह्यरुग्ण विभागात समुपदेशकांसमक्ष काही रुग्णांकडून भरून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. खाटांचा निर्णय केवळ तिच्यावर सोपवू नये. खाट रिकामी नसल्याने ज्यांना परत जावे लागते, त्यांची स्वतंत्र नोंदवही येत्या १ एप्रिलपासून प्रवेश खिडकीवर ठेवण्यात येईल. तिच्यातील मासिक बेरीज प्रत्येक बैठकीत विश्वस्तांपुढे मांडली जाईल.