फलाटावरच्या पाटीतले शब्द

दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधण्याचा उत्तम सराव मध्य रेल्वेच्या पाट्यांवर होतो. नियम एकच: नावात अक्षर जितक्या वेळा येते, तितक्याच वेळा वापरायचे. ठाण्याच्या पाटीवर टी, एच, ए, एन, ई ही पाच अक्षरे. आधी स्वर वेगळे काढावेत, मग टी-एचसारखी जोडी धरावी. ‘देन’, ‘दॅन’ लगेच हाती येतात. ई-ए शेजारी आले की ‘हीट’ आणि ‘नीट’. पाचही अक्षरे क्रमाने वाचली तर ‘थेन’, म्हणजे स्कॉटलंडमधला सरदार. शेक्सपियरचा मॅकबेथ असाच थेन होता. कल्याणमधला एक ए वगळला की ‘लँकी’, म्हणजे उंच, किडकिडीत. डोंबिवलीत ‘बोल्ड’ सापडतो, तसाच ‘लिम’, म्हणजे हात किंवा पाय; त्याच्या शेवटचा बी लिहिला जातो, उच्चारला जात नाही.