तट पाडला, गावकूस उभंच
(युवक शिबिरातलं भाषण)



आज मला मुंबईच्या कोटाबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध कोटाशी? आपण गावकुसाबाहेरचे. बरोबर. म्हणूनच भिंतीचं राजकारण आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

1715 नंतर, चार्ल्स बून गव्हर्नर असताना, कंपनी सरकारनं फोर्टाभोवती तट घातला. दरवाजे तीन : अपोलो गेट, चर्चगेट, बाजारगेट. 1739 मध्ये चिमाजी अप्पानं वसई घेतली तसे मुंबईतले व्यापारी हादरले. खंदकासाठी त्यांनी 30 हजारांची वर्गणी काढली. तटासमोर माड होते, माणसांची घरं होती. तोफेचा गोळा सरळ जावा म्हणून माड तोडले, घरं उठवली. 1803 च्या मोठ्या आगीनंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद केली. तिचं नाव एस्प्लनेड.

नीट ध्यानात घ्या. आज ज्याला आपण मैदान म्हणतो, ती तोफेच्या माऱ्याची जागा होती. माणसं हटवूनच ती मोकळी झालेली.

पुढं 1818 ला पेशवाई बुडाली. त्या लढाईत कोण होतं ते कोरेगावच्या स्तंभावरची ‘नाक’ लागलेली नावं सांगतात. शत्रूच उरला नाही, मग तट कशाला? कापसाच्या धंद्यात पैसा वाहत होता, दरवाजात गाड्यांची कोंडी व्हायची. 1862 ला बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात तट पाडला गेला. मोकळ्या जागेवर सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट अशी सत्तेची रांगच उभी राहिली. उरलं ते मैदान. त्याचेच तुकडे म्हणजे ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कूपरेज. रॅम्पार्ट रो या नावात तेवढा तट राहिला.

भिंत गेली, म्हणजे वाट मोकळी झाली? छे! 1875 ला याच मैदानावर बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त गोऱ्यांसाठी. गोरे घोड्यांवरून पोलो खेळायचे, खालची खेळपट्टी टापांनी उखडायची आणि देशी पोरं अर्ज लिहीत बसायची. 1906 मध्ये त्याच जिमखान्याच्या ग्राउंडवर हिंदूंच्या संघानं गोऱ्यांना हरवलं. त्या संघात चेंडू टाकत होता पालवणकर बाळू. चांभाराचा पोरगा. पुण्यात त्याच्याच संघातले लोक त्याला पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यात चहा द्यायचे. त्याचा चेंडू चालायचा, कप चालायचा नाही! 1937 ला हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो हिशेब वेगळा. पण मैदानावरचा तट गोऱ्यांचा एकट्याचा नव्हता, एवढं त्या चहावरनं कळतं.

आणि आता? ओव्हलभोवती लोखंडी कठडा आहे. 2018 ला तो परिसर जागतिक वारसा झाला. वारसा कुणाचा, हे विचारायची सोय नाही. आझाद मैदानात आंदोलनाला एक भाग नेमून दिलाय. तिथंच बसा, तिथंच ओरडा. 12 मार्च 2018 ला नाशिकहून पायी आलेले शेतकरी तिथंच पोचले. त्यात आदिवासी किती होते, ते त्यांच्या फुटलेल्या पायांनी मुंबईला दाखवलं.

कित्येक गावांत गावकुसाचा दगडसुद्धा उरला नाही. तरी आपली वस्ती बाहेरच! फ्रियरनं दगड पाडले, कारण दगड धंद्याच्या आड येत होते. जात कुणाच्या धंद्याच्या आड येते? उलट तिच्यावर धंदे चालतात. म्हणून ते कूस सरकार पाडणार नाही, ते आपल्यालाच पाडावं लागेल.

सुरुवात आपल्या वॉर्डापासून करा. मोकळा प्लॉट कुठला, कुणाच्या नावावर, किल्ली कुणाकडं, हे जाऊन विचारा. एकट्यानं जाऊ नका. वस्तीला घेऊन जा.

जय भीम.